ठकीच्या घरचा फोन

२ एप्रिल, गुरुवार

वरून निरोप आला आहे. बालवाडी बंद असली तरी शिकवणं बंद ठेवायचं नाही, फोनवरून शिकवा. म्हणणाऱ्याने बहुतेक चार वर्षांचं मूल फक्त फोटोत पाहिलं असावं. माझं निम्मं शिकवणं नाक पुसण्यात जातं आणि उरलेलं चपला उजव्या-डाव्या पायात घालून देण्यात. ते फोनवरून कसं करू?

मुलांच्या घरी एकेकच फोन. चित्र हलत-बोलत दिसावं इतकी रेंज ना इथे, ना ओढ्यापलीकडच्या वस्तीत. आवाज तेवढा जातो. म्हणजे आवाज पाठवायचा.

आज स्वयंपाकघरात बसून पहिलं रेकॉर्डिंग केलं. "मुलांनो," म्हटलं आणि पुढे शब्दच फुटेना. समोर नुसती डब्यांची फळी. एकही डबा कान खाजवत नव्हता, एकालाही शू लागली नव्हती. पाच वेळा पुसून सहाव्यांदा ससोबाची गोष्ट कशीबशी पुरी केली.

बाहेरच्या खोलीतून बाबा म्हणाले, "तो ससा इतका हळू का बोलतोय? ताप आहे का त्याला?"

आई गेल्यापासून बाबा दिवसाला मोजकी वाक्यं बोलतात. त्यातलं एक आज सशावर खर्च झालं.

६ एप्रिल, सोमवार

गोष्टी चालेनात. मुलांकडून उत्तरं येत नाहीत. एका आईने कळवलं, "बाई, तो तुमचा आवाज ऐकून फोनच्या मागे बघतो आणि तुम्ही दिसत नाही म्हणून रडतो."

मी डोकं धरून बसले होते. बाबा चहाचा कप ठेवायला आत आले आणि तिथेच उभे राहिले. म्हणाले, "बसची सांग."

"कसल्या बसची?"

"कसल्याही. बस असली की माणसं चढतात, उतरतात. गोष्ट आपोआप पुढे जाते."

बाबांनी जन्मभर एकाच मार्गावर बस चालवली. मी म्हटलं, बरं, पण आवाज तुम्ही काढा. आधी नाही म्हणाले. मग मी तोंडाने गाडी सुरू केली तर त्यांना ते सहन झालं नाही. "ही गाडी आहे की मिक्सर?" म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. पहिला गिअर, दुसरा गिअर, चढावर इंजिनाची धाप, वळणावर हॉर्न. डोळे मिटून ऐकलं तर घरात डिझेलचा वास येईल!

मी कंडक्टर झाले. घंटा म्हणून स्टीलच्या पेल्यावर चमचा. एक माकड चढलं. मी विचारलं, "ड्रायव्हरकाका, माकडाला तिकीट लागतं का?" बाबा म्हणाले, "विनातिकीट माझ्या गाडीत माझी बायको चढली नाही कधी, माकड कसलं चढतंय!"

हे पुसायला हवं होतं. पुसलं नाही.

८ एप्रिल, बुधवार

उत्तरांचा पाऊस.

गोष्ट सगळ्यांना एकच असते, पण शेवटी प्रत्येकाला नावाने हाक मारून एक प्रश्न विचारते, म्हणजे तो त्याच्या एकट्याचा होतो. काल विचारलं होतं, बसमध्ये हत्ती चढला तर काय होईल?

जुळ्या बहिणींचं उत्तर म्हणजे मारामारी. कोण आधी बोलणार यावरून. शेवटी धप्प असा आवाज आणि रेकॉर्डिंग संपलं. आमच्या पणकाने (प्रत्येक वाक्य 'पण का'ने सुरू करतो म्हणून हे नाव) विचारलंय, "पण का, बाई, हत्ती बसमध्ये बसला, तर बस का नाही बसली?" मी आणि बाबा हसून हसून बेजार. बाबांनी ते चार वेळा लावायला सांगितलं.

फक्त ठकीकडून काही नाही. ठकी माझ्या वर्गातली सगळ्यात लहान. रोज सकाळी आईच्या कडेवर येते आणि दारात आईपासून तिला अक्षरशः सोलून काढावं लागतं. आई शिवणकामाच्या कारखान्यात जाते. तिला बसची घाई असते, म्हणून ती माझ्याशी कधी दोन शब्द बोललेली नाही. वस्तीत ठकी, आई आणि आजी अशा तिघीच राहतात.

११ एप्रिल, शनिवार

ठकीच्या घरच्या फोनचं मला कळत नाही. मी गोष्ट पाठवली रे पाठवली की लगेच दोन निळ्या टिक. बाकीचे संध्याकाळी ऐकतात, हे लगेच. म्हणजे फोन हातातच असतो. मग उत्तर द्यायला काय होतं?

आज त्या फोनवरून चुकून एक फोटो आला. बोट लागलं असणार. तिरका, अर्धवट. पांढऱ्या टाइल्सची भिंत आणि एका लोखंडी कॉटची कड. घराला टाइल्स बसवल्या तर! बरं आहे. कारखाना बंद असताना हे कसं जमवलं कोण जाणे.

बाबांनी फोटो लांब धरून, जवळ धरून पाहिला. विचारलं, "या कॉटला चाकं आहेत का गं?"

"असतील. हल्ली कशालाही चाकं असतात."

जेवताना म्हणाले, "ठकीच्या घरी गोष्ट दुपारी पण एक पाठवत जा. छोटीशी."

"दुपारी कशाला? मुलं झोपतात."

"सगळी नाही झोपत," म्हणाले.

आता गंमत अशी की बाबा रेकॉर्डिंगला बसण्याआधी दाढी करतात आणि खाकी शर्ट चढवतात. म्हटलं, फोनवर कोण बघणारे तुम्हाला? म्हणाले, "ड्यूटी ती ड्यूटी." म्हातारपणी माणूस हट्टी होतो हेच खरं.

१५ एप्रिल, बुधवार

दुपारची छोटी गोष्ट सुरू केली. ठकीसाठी खास बनवते. ठकी नेहमी खिडकीजवळ बसते, तिच्या मांडीवर एक कोंबडी असते आणि कोंबडीला गाडी लागते. निळ्या टिक ताबडतोब.

आज एक आवाजही आला तिकडून. आनंदाने लावला तर ठकी नाहीच. कुणीतरी मोठ्याने नावं पुकारतंय, एक ढकलगाडी खडखडत चाललीय आणि कुणीतरी खूप खोकतंय. धान्याच्या रांगेत असतील बिचाऱ्या. फोन पिशवीत दाबला गेला असेल.

बाबांनी ऐकलं आणि उठून अंगणात गेले. स्कूटर पुसत बसले. ती स्कूटर गेल्या महिन्यापासून घराबाहेर निघालेली नाही. तिच्यावर रस्त्याची धूळ बसायची कुठून?

२० एप्रिल, सोमवार

आज माझा पारा चढला. सगळी मुलं बोलायला लागली आहेत. बोबडा घोडा (त्याला 'र' येत नाही, पण घोड्याची नक्कल येते) काल अख्खं वाक्य बोलला. आणि ठकी, जिच्यासाठी मी दुपारची जास्तीची गोष्ट करते, तिच्या घरून एक 'हूं' नाही. कळवलं मी ठकीच्या आईला. लिहिलं, "तुम्ही रोज गोष्टी ऐकता, पण मुलीला बोलतं करत नाही. दिवसातून दोन मिनिटं तिच्यासाठी काढा. एवढं अवघड नाही."

बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "पाठवलंस?"

"पाठवलं."

"गाडीत बसलेल्या माणसावर ओरडायचं नसतं, पोरी. तो गाडीत बसलाय, एवढं पुरे असतं."

मला राग आला. माझ्या नोकरीतलं मला शिकवू नका, म्हटलं. आता वाटतंय, बोलायला नको होतं. एवढ्या दिवसांनी बोलायला लागलेत.

२१ एप्रिल, मंगळवार

सकाळी भाजी चिरत होते तेव्हा ठकीच्या घरच्या फोनवरून आवाज आला. तसाच लावला, हात न धुता.

जसं आलं तसं लिहून ठेवते.

"बाई... ती नाही ऐकत. मी ऐकते. फोन माझ्याजवळ आहे. मी दवाखान्यात आहे, तो आजार झालाय म्हणून. आमच्या घरात दुसरा फोन नाही. आजीने कुणाला सांगितलं नाही, वस्तीतले नळावर येऊ देणार नाहीत म्हणून. तुम्हाला पहिल्या दिवशीच सांगायला पाहिजे होतं. पण सांगितलं असतं तर तुम्ही पाठवणं बंद केलं असतं. तुम्ही 'ठकी' अशी हाक मारता ना, तेव्हा... (इथे बराच वेळ नुसता खोकला.) रागावू नका. खिडकीजवळ बसते ती, ते बरोबर आहे. तिला खिडकीच लागते."

मी तिथेच जमिनीवर बसले. पांढऱ्या टाइल्स. चाकांची कॉट. माझ्या घराला टाइल्स असत्या तर त्यांवर डोकं आपटून घेतलं असतं.

बाबांना सांगितलं. त्यांना फारसं आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. फक्त एवढंच विचारलं, "तिच्याजवळ फोन चार्ज करून द्यायला कुणी आहे का, विचार." माणसांना काय सुचेल सांगता येत नाही.

म्हणजे ठकीने इतक्या दिवसांत एकही गोष्ट ऐकलेली नाही. आणि तिला कुणी सांगितलं असेल का, आई कुठे आहे ते?

२३ एप्रिल, गुरुवार

वस्तीवर जाऊन आले. आरोग्य केंद्रातल्या नर्सताईंकडून परवानगी घेतली. त्या आठवड्यातून दोनदा वस्तीत जातात, त्यांना ठाऊक होतं सगळं. "कुंपणाबाहेरून बोला, आवाज लहान ठेवा, आजी घाबरते," म्हणाल्या. बाबांनी स्कूटर काढली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तरी प्रत्येक वळणावर हॉर्न.

आजी मला पाहून आधी आतच पळाली. मग पदर तोंडावर धरून बाहेर आली. "कुणाला कळलं?"

"कुणालाही नाही. मी ठकीला भेटायला आलेय."

"तिला सांगितलंय, आई कामावर गेलीय. रोज संध्याकाळी फाटकाशी जाऊन उभी राहते. मी म्हणते, आज जास्तीचं काम निघालं असेल. किती वेळा म्हणू, बाई?" आणि ती रडायला लागली, पण आवाज न करता, शेजारी ऐकतील म्हणून.

ठकी आजीच्या मागे होती. केस विस्कटलेले, एक वेणी घातलेली, दुसरी तशीच. मी कुंपणाबाहेर, ती आत. जवळ घेता येईना. हाताला काय करावं तेच सुचत नव्हतं, शेवटी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

मी म्हटलं, "ठकी, आईला काही सांगायचंय? यात बोललीस की आईला ऐकू जातं." फोन कुंपणाच्या फटीतून पुढे केला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

ठकीने फोनकडे पाहिलं.

"दूध प्यायलीस का?" मान हलवली. हो.

"आईची आठवण येते?" मान हलवली.

"मान हलवलीस तर आईला कसं कळेल, राणी? बोल की."

तिने आणखी जोरात मान हलवली. इतकी जोरात की वेणी गालावर आपटली.

बाबांनी मागून तोंडाने बस सुरू केली, पहिला गिअर, दुसरा गिअर. ठकी घाबरून आजीच्या पाठीमागे. बाबांचं तोंड एवढंसं झालं.

रेकॉर्डिंगमध्ये काय आलं? माझे प्रश्न, एका कोंबडीचं कॉक-कॉक आणि फोन तोंडाला लावून ठकीने घेतलेले श्वास. बाकी काही नाही. मला पाठवायलाच लाज वाटत होती. तरी पाठवलं, खाली लिहिलं, "आज बोलली नाही. मी पुन्हा जाईन."

२४ एप्रिल, शुक्रवार

ठकीच्या आईचं उत्तर: "तिला सर्दी झालीय. डाव्या नाकपुडीतून श्वास घेतेय. आजीला सांगा, झोपताना डोक्याला टोपी घालायची. बाई, आणखी एक पाठवा. असाच. बोलली नाही तरी चालेल."

आजीला नर्सताईंबरोबर टोपीचा निरोप धाडला. खरंच सर्दी होती म्हणे.

२५ एप्रिल, शनिवार

आज पुन्हा वस्तीवर. आजीशी आधी बोलले. म्हटलं, मुलीला खरं सांगूया. आजी म्हणाली, तुम्हीच सांगा, माझ्या तोंडून निघणार नाही.

मी सांगितलं. आईला बरं नाही. मोठ्या घरात आहे, तिथे डॉक्टर आहेत. तिला तुझ्याकडे यायचंय, पण बरं वाटल्याशिवाय येता येत नाही.

ठकीने विचारलं, "मग कामावर नाही गेली?"

"नाही."

"आजी खोटं बोलली."

"हो. तू रडू नये म्हणून."

"मी रडलेच की," ठकी म्हणाली.

हे सगळं रेकॉर्ड करायचं मी विसरले. इतके दिवस ज्या आवाजाची वाट पाहिली, तो आला आणि फोन माझ्या पिशवीत! मग पुन्हा फोन पुढे केला, तर आपलं मान हलवणं. दोन मिनिटांचे श्वास पाठवले. निळ्या टिक लगेच.

२७ एप्रिल, सोमवार

ठकीच्या घरच्या फोनवर गोष्ट पाठवली. एकच टिक.

२८ एप्रिल, मंगळवार

एकच. करडी.

चार्जिंग संपलं असेल.

२९ एप्रिल, बुधवार

नर्सताई आल्या होत्या. ठकीच्या आईला मोठ्या दवाखान्यात हलवलं आहे, ऑक्सिजनवर. फोन बंद करून पिशवीत ठेवलाय. याहून जास्त त्यांना माहीत नाही. आजीला सांगितलंय, ठकीला नाही.

आज बाकीच्या मुलांची गोष्ट रेकॉर्ड करताना माझा आवाज सारखा चिरकत होता. पणकाने विचारलंय, "पण का, बाई, कंडक्टरला सर्दी झाली?"

१ मे, शुक्रवार

मी बाबांना म्हटलं, दुपारची ठकीची गोष्ट आता नको. तिथे ऐकायला कुणी नाही. पाठवून काय उपयोग?

बाबा दाढी करत होते. अर्धा गाल पांढरा. आरशातूनच म्हणाले, "शेवटची फेरी कधीकधी अख्खी रिकामी जायची. एक प्रवासी नसायचा. म्हणून काय मी गाडी सोडली नाही? पुढच्या थांब्यावर कुणी उभं असलं तर?"

"बाबा, ती बस होती."

"मग ही काय आहे?" आणि ओला चेहरा पुसून ते खाकी शर्ट शोधायला लागले. "दवाखान्यात दुपार फार मोठी असते. कुणी येत नाही त्या वेळी."

मला नवल वाटलं. आई दवाखान्यात होती तेव्हा यांची दुपारची ड्यूटी असायची, हे संध्याकाळी जायचे. दुपारी आई एकटीच असायची. दुपारचं यांना काय ठाऊक?

गोष्ट केली. ठकी खिडकीजवळ. हत्ती उतरला नाही, त्याला उतरायचा थांबा आठवेना. बाबांनी आज गाडी इतकी हळू चालवली की मला हसू आलं आणि मग रडू आलं. ते तसंच पाठवलं.

एक टिक.

४ मे, सोमवार

एक टिक.

ठकीकडे गेले होते. आता ती फोनमध्ये थोडं बोलते. आज म्हणाली, "कोंबडीने अंडं दिलं. मी नाही फोडलं. पडलं." हे पाठवलं. तेही तसंच, एका टिकवर.

७ मे, गुरुवार

दोन टिक! निळ्या नाहीत, पण दोन. कुणीतरी फोन सुरू केलाय.

कुणी केला? तिने, की सामान परत देण्यासाठी दुसऱ्या कुणी? हा विचार डोक्यात आला आणि मी फोन उलटा करून फळीवर ठेवला. बाबांना बोलले नाही. तेही मला बोलले नाहीत. दिवसभर आम्ही एकमेकांना चहा विचारत होतो.

९ मे, शनिवार

सकाळी अंगण झाडताना फोन वाजला. आवाज इतका बारीक की कान दाबून ऐकावा लागला.

"बाई, हत्ती उतरला का?"

धावत बाबांकडे गेले. नुसता फोन त्यांच्या कानाला लावला. त्यांनी ऐकलं, माझ्या हातातला झाडू काढून घेतला आणि झाडलेलं अंगण पुन्हा झाडायला लागले. माझ्याकडे पाठ करून. बराच वेळ.

मग म्हणाले, "तिला म्हणावं, तिच्यासाठी थांबलोय. बोलली की उतरवू."

११ मे, सोमवार

ठकीच्या आईने सगळ्या गोष्टी ओळीने ऐकल्या. अंड्याचंही ऐकलं. कळवलंय, "पडलं नसणार, तिनेच फोडलंय. मला माहितीय. काही म्हणू नका तिला."

१८ मे, सोमवार

घरी आली! नर्सताईंबरोबर गाडीतून. वस्तीतल्या लोकांना कळलंच शेवटी. आजी म्हणते, दोघीतिघींनी तोंड फिरवलं, पण समोरच्या घरातलीने नळाखालचा आपला भरलेला हंडा उचलून यांच्या दारात आणून ठेवला.

काही दिवस तिने वेगळ्या खोलीत राहायचं आहे. ठकी बंद दाराला पाठ लावून बसते. जेवतेही तिथेच.

२९ मे, शुक्रवार

आज भेटून आलो. मुलांना द्यायच्या रंगीत कागदांचं निमित्त काढलं. बाबा म्हणाले, मी नुसता सोडायला येतो. पण इस्त्रीचा शर्ट घातला होता.

ठकीची आई फाटकाशी उभी होती. अर्धी झालीय. गळ्याची हाडं दिसतात. आणि कडेवर ठकी, पाय लोंबताहेत, मान आईच्या खांद्यात खुपसलेली.

"उचलायचं नाही म्हणून बजावलंय ना डॉक्टरांनी?" मी म्हटलं.

"सांगा तुम्हीच तिला," ती म्हणाली. इतके दिवस आम्ही दोघी एकमेकींच्या कानात राहिलो होतो आणि समोरासमोर आलो तर पाहुण्यांसारखं अवघडलो. तिने बाबांकडे पाहिलं. "काका, तुमची गाडी वळणावर फार जोरात घेता हां तुम्ही. मी कॉटला धरून बसायची."

बाबा लाजले. माझे बाबा! कानापर्यंत लाल झाले आणि स्कूटरचा आरसा नीट करायला लागले.

ठकीने मान वर केली. मला नीट न्याहाळलं, पायापासून डोक्यापर्यंत, जणू मी काहीतरी मागायला आले आहे. आईच्या गळ्याभोवतीचा हात घट्ट केला.

"बाई, मी उद्या शाळेत येणार नाही."

शाळा दोन महिने बंद आहे आणि कधी उघडेल ते देवाला माहीत. पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून मला ते सांगवेना.

"का गं?"

"आई आलीय."

"बरोबर आहे. मग किती दिवसांची रजा हवी?"

तिने आईकडे पाहिलं. आईने तिला 'मला विचारू नको' अशी खूण केली. ठकीने बोटं काढली, मोजली, पुरेनात म्हणून आईचाही हात उघडून त्यावर मोजली. मग सगळी सोडून दिली.

"खूप," म्हणाली.

मी म्हटलं, "मंजूर."